इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांत ब्रेक पेडल कडक: दोष बूस्टरचाच का? आणि बूस्टर चालतो तरी कसा?

पाना_बारा

पेट्रोल गाडी, १.२ लिटर, टर्बो नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम. इंजिन चालू असताना ब्रेक व्यवस्थित लागतात, पेडल मऊ आहे. पण इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पेडल दाबलं की पहिल्याच दाबाला दगड. पूर्वी बंद गाडीत दोन-तीन दाब तरी मऊ मिळायचे. ब्रेक ऑइलची पातळी जागच्या जागी, कुठे ओल नाही, आयडलिंग हलत नाही. पेडल दाबताना पायापाशी बारीक ‘सूंऽ’ येतो, दाबून धरलं की थांबतो.

गॅरेजमध्ये बोनेटही न उघडता ‘बूस्टर बदला’ असं उत्तर मिळालं. बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत देणारा डबा, न काढता दोष नक्की कुठे आहे ते ठरवता येईल का? आणि एक मूळ शंका. इंजिन व्हॅक्यूमने बूस्टरमधला पडदा ओढतं म्हणतात. मग तो एकदम शेवटपर्यंत का जात नाही? पाय अर्धा दाबला तर ब्रेक अर्धाच कसा लागतो?

मास्टर_सिलिंडर

शंकेपासून सुरुवात करतो. ती फिटली की दोष शोधायचं निम्मं काम होतं.

‘ओढतं’ या शब्दानेच घोटाळा होतो. बूस्टरमध्ये ओढत कुणीच नाही, ढकलते ती बाहेरची हवा. इंजिन फक्त पडद्याच्या एका बाजूची हवा काढून जागा रिकामी करतं.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा बंद डबा. मधल्या रबरी पडद्याने त्याचे दोन कप्पे होतात. पुढचा कप्पा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडचा (ब्रेक ऑइलवर दाब आणतो तो), एकमार्गी व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला, जोडलेला असतो. तिथे कायम व्हॅक्यूम. मागच्या, पेडलकडच्या कप्प्यात मात्र कधी व्हॅक्यूम, कधी हवा. सगळी करामत या मागच्या कप्प्यात आहे.

पाय पेडलवर नसताना दोन्ही कप्प्यांमधली वाट उघडी असते, म्हणून दोन्हीकडे सारखाच व्हॅक्यूम. फरक नाही म्हणजे जोर नाही. स्प्रिंग पडद्याला मागे दाबून ठेवते. पेडल दाबलं की आतला दांडा जेमतेम एक-दीड मिलिमीटर पुढे सरकतो आणि दोन गोष्टी याच क्रमाने होतात: आधी कप्प्यांमधली वाट बंद होते, मग बाहेरच्या हवेची वाट उघडते. हवा दांड्याभोवतीच्या रबरी टोपीतून, स्पंजच्या फिल्टरमधून मागच्या कप्प्यात शिरते. तुमचा ‘सूंऽ’ तो हाच, आणि तो निरोगी आहे.

आता अर्ध्या ब्रेकचं. हवेच्या जोराने पडदा पुढे जातो आणि व्हॉल्व्हचं घर पडद्यावरच बसवलेलं असतं, त्यामुळे तेही पुढे जातं. पाय थांबला की दांडा थांबतो, पण घर आणखी केसभर पुढे सरकून हवेची वाट स्वतःच मिटवतं. आता दोन्ही वाटा बंद, जोर आहे तेवढाच कायम. पाय आणखी दाबला तर वाट पुन्हा उघडते. सैल सोडला तर कप्प्यांमधली वाट उघडते, मागची हवा पुढे जाऊन इंजिनात शोषली जाते. म्हणजे पडदा पायाचा पाठलाग करत असतो. पाय थांबेल तिथे तोही येऊन थांबतो.

पायाला जे ‘वजन’ जाणवतं ते एका जाड रबरी चकतीमुळे, तिला रिअ‍ॅक्शन डिस्क म्हणतात. मास्टर सिलिंडरकडे जाणाऱ्या दांड्याच्या बुडाशी ती बसते. तिच्या मधल्या भागावर तुमच्या पायाचा दांडा टेकतो, कडेच्या भागावर पडद्याचा जोर येतो. बंदिस्त रबर द्रवासारखं वागतं, सगळीकडे सारखाच दाब देतं. त्यामुळे पाय आणि हवा यांच्या जोराचं गुणोत्तर मधल्या आणि कडेच्या क्षेत्रफळांवर ठरतं. पाचपट बूस्टर म्हणजे पायाचा एक वाटा, हवेचे चार.

हिशेब घालून पाहा. ९ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४१० चौ. सेंमी. समुद्रसपाटीला, आयडलिंगवर, बाहेरच्या आणि आतल्या दाबात चौ. सेंमीला साधारण ०.६६ किलोचा फरक. गुणाकार २७० किलोच्या आसपास. स्प्रिंग आणि मधल्या भोकाचं क्षेत्रफळ वजा जाता धरा २४०. पायाने पेडलवर १५ किलो दिले आणि पेडलचं तरफ-गुणोत्तर ४ असलं तर दांड्यावर ६० किलो येतात. त्यात हवेचे २४० मिळवले की मास्टर सिलिंडरवर ३००. २२ मिमी व्यासाच्या मास्टर सिलिंडरमध्ये हा दाब ७७ बारच्या आसपास जातो. बूस्टर मेला तर त्याच पायाला १५ बार. पेडल ‘दगड’ वाटतं ते यामुळेच. जाम काहीच झालेलं नसतं.

या उदाहरणात मागचा कप्पा आता पूर्ण हवेने भरला. यापुढे पायाने कितीही रेटलं तरी हवेकडे द्यायला जोर उरलेला नाही, वाढ फक्त पायाचीच. जोरात ब्रेक मारताना एका क्षणी पेडल अचानक जड वाटतं ती हीच जागा.

गेज_लावून_बोला

वरचं सगळं मान्य. आता दोष शोधू. चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल.

पहिली तपासणी: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईपर्यंत. हलका दाब धरून ठेवा आणि स्टार्ट मारा. पेडल पायाखाली आपोआप थोडं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, बसलं पाहिजे. बसलं तर व्हॅक्यूम पोचतोय आणि बूस्टर मदत करतोय. तुमचं बसेल असा माझा अंदाज.

दुसरी: इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. पाच-पाच सेकंदांनी नेहमीच्या जोराने दाबा. पहिला दाब खोल, दुसरा जरा वर, तिसरा आणखी वर, असं पेडल चढत गेलं पाहिजे. तुमची गाडी इथे नापास होतेय.

तिसरी तपासणी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा, ३० सेकंद थांबा. पेडल हललं नाही तर उत्तम. पायाला वर ढकलत आलं तर दाबलेल्या अवस्थेत पुढच्या कप्प्यात हवा शिरतेय: फाटका पडदा किंवा गळका एकमार्गी व्हॉल्व्ह. हळूहळू खाली गेलं तर बूस्टरला दोष देऊ नका, ते मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबराचं काम आहे. आणि पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाईनमध्ये हवा आहे. त्याचाही बूस्टरशी संबंध नाही, पण बिल मात्र बूस्टरच्या नावाने फाटतं.

तुमच्या लक्षणांतली महत्त्वाची ओळ ‘आयडलिंग हलत नाही’ ही आहे. पडदा, पुढचं सील किंवा ग्रोमेट (व्हॉल्व्ह ज्या रबरी कड्यात बसतो ते) बऱ्यापैकी गळत असेल तर इंजिन चालू असताना तिथून फुकटची हवा आत जाते, आयडलिंग चढ-उतार करतं, पेडल दाबताना इंजिन थरथरतं. एकमार्गी व्हॉल्व्ह गळका असेल तर असं काहीच होत नाही, कारण चालू इंजिनमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूमच असतो. इंजिन थांबलं की मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या इतका दाब येतो आणि गळक्या व्हॉल्व्हमधून हवा उलटी बूस्टरमध्ये घुसते. चालू असताना सगळं छान, बंद केल्यावर साठा गायब. तुमचं वर्णन नेमकं हेच आहे.

हँडपंपवाला व्हॅक्यूम गेज मिळवा. आधी पेडल चार-पाच वेळा दाबून उरलासुरला व्हॅक्यूम घालवा, मग व्हॉल्व्ह बूस्टरच्या ग्रोमेटमधून फिरवत फिरवत बाहेर काढा. सरळ हिसका दिलात तर जुनं ग्रोमेट फाटून तुकडा डब्यात पडेल. व्हॉल्व्हच्या बूस्टरकडच्या तोंडाला पंप लावून २० इंचांपर्यंत (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) ओढा: काटा तिथेच राहिला पाहिजे. उलट बाजूने लावला तर व्हॅक्यूम बनताच कामा नये. पंप नसेल तर स्वच्छ पुसून तोंडाने फुंकून पाहा. बूस्टरकडून फुंकर जाते, इंजिनाकडून जात नाही. फुंकण्याने मोठी गळती कळेल, बारीक नाही.

मग ग्रोमेटमध्ये नळी बसवून तोच पंप थेट बूस्टरला लावा. डबा मोठा आहे, भरपूर हापसावं लागेल. २० इंच झाले की अर्धा मिनिट पाहा. एक इंचाच्या आत उतार असेल तर बूस्टर ठीक.

डिझेल_आणि_घाट

वरच्या दोघांनी पेट्रोल धरून लिहिलंय, म्हणून थोडी भर.

डिझेलमध्ये थ्रॉटलने, म्हणजे हवेच्या वाटेतल्या झडपेने, हवा अडवली जात नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम नसतोच. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, कॅमशाफ्टवर किंवा अल्टरनेटरच्या पाठीला. त्याला इंजिन ऑइल लागतं. पेडल कडक झालं आणि व्हॅक्यूमची होज आतून तेलाने माखलेली दिसली तर आधी पंपाकडे वळा. टर्बो पेट्रोलमध्ये दाब वाढला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमऐवजी जादा हवा असते, तिला एकटा एकमार्गी व्हॉल्व्ह थोपवतो. म्हणून तिथे गळका व्हॉल्व्ह जास्त महाग पडतो.

दुसरं, मास्टर_सिलिंडर यांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. उंचीवर बाहेरची हवाच विरळ, आणि ढकलणारी तीच. दर ३०० मीटरला गेजवर अंदाजे एक इंच कमी होतो. खाली १९ इंच दाखवणारं पेट्रोल इंजिन ३,००० मीटरवर ९-१० इंच दाखवतं, म्हणजे मदत जवळपास निम्मी. पेडल लवकर जड होतं, त्यात बिघाड काही नाही. डिझेलच्या पंपाला हा फटका कमी, कारण तो कप्पा जवळजवळ पूर्ण रिकामा करतो. मदत हवेच्या दाबाच्या प्रमाणातच घटते: ३,००० मीटरवर सुमारे ७० टक्के उरते.

आणि एक: थंड इंजिन स्टार्ट केल्यावर पहिली काही सेकंदं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी अनेक पेट्रोल इंजिनं थ्रॉटल जास्त उघडी ठेवतात. तेव्हा व्हॅक्यूम कमीच असतो. गेजचं वाचन इंजिन गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून घ्या.

पाना_बारा

सगळं करून पाहिलं. पहिली तपासणी पास. तिसरीत पेडल २०-२२ सेकंदांनी पायाला हलकेच वर ढकलू लागलं. व्हॉल्व्ह बाहेर काढून पंप लावला: २० वरून १५ सेकंदांत १२ इंच. बूस्टरला थेट लावला: २० वरून ३० सेकंदांत साडेएकोणीस. व्हॉल्व्हच्या आत पाहिलं तर रबरी चकतीच्या कडेला काळा, चिकट थर आहे.

हा थर धुऊन व्हॉल्व्ह परत वापरता येईल का? आणि नवा मिळेपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही ना, चालू इंजिनमध्ये ब्रेक तर उत्तम लागतात?

मास्टर_सिलिंडर

हरकत आहे. ती दिसत नाही एवढंच.

बूस्टरमधला साठा इंजिन बंद पडल्यावरच्या क्षणांसाठी असतो. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर निरोगी बूस्टर दोन-तीन दाब देतो. त्यात गाडी कडेला येते. तुमच्या गाडीत हा साठा काही सेकंदांत उडतो, म्हणजे नेमक्या त्या वेळी पहिलाच दाब दगड. ब्रेक लागतीलच, पायापासून मास्टर सिलिंडरपर्यंतचा दांडा अखंड आहे, पण जोर अनेक पट लावावा लागेल. किती ते यूएनच्या प्रवासी मोटारींच्या ब्रेक नियमावरून, म्हणजे १३-एच वरून, कळतं. सगळं ठीक असताना ताशी १०० किमीवरून गाडी ७० मीटरच्या आत थांबायला हवी. बूस्टर निकामी असताना तीच मर्यादा १६८ मीटर, आणि तीही पेडलवर ५०० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ५० किलो, रेटून.

याच कारणाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद, इंजिन चाकांनी फिरवलेलं, आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. इंजिन ब्रेकिंगही मिळतं, बूस्टरचा साठाही भरलेला राहतो. याच्या उलट, अ‍ॅक्सिलरेटर अडकून इंजिन पूर्ण जोरात पळत असेल तर व्हॅक्यूम जवळजवळ शून्य. तेव्हा ब्रेक पंप केला की साठा दोन-तीन दाबांत संपतो. एकदाच जोरात दाबायचा, दाबूनच ठेवायचा आणि गाडी न्यूट्रल करायची.

गेज_लावून_बोला

धुऊन वापरू नका. काळा थर म्हणजे क्रँककेसची (इंजिनाच्या पोटातली, तेलाची) वाफ आणि इंधनाची वाफ. तो निघेल, पण रबराची कड एकदा फुगली की पुन्हा सपाट बसत नाही. आणि कार्ब्युरेटर क्लीनर तर मुळीच मारू नका, उरलंसुरलं रबरही जाईल.

व्हॉल्व्ह घेताना ग्रोमेटही नवं घ्या. बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही, रबर सुजतं. साबणाच्या पाण्याचं बोट पुरतं. व्हॉल्व्हवरचा बाण इंजिनाकडे. उलटा बसवला तर बूस्टरला व्हॅक्यूमच पोचणार नाही, स्टार्ट मारल्यावर पेडल बसणार नाही, लगेच कळेल.

होजही हातात घेऊनच पाहा. या पाईपचा एक खोडसाळ रोग आहे: बाहेरून टणटणीत, पण आतलं अस्तर सुटलेलं. व्हॅक्यूम आला की अस्तर आत चिकटतं आणि वाट बंद. इंजिन बंद करून काढला तर पुन्हा मोकळा. इंजिन चालू असताना बोटांनी चेपत जा, कुठे चपटा किंवा मऊ लागला तर बदला. जागेवर पेट्रोलचा किंवा पाण्याचा पाईप कापून लावू नये, तो व्हॅक्यूमखाली मिटतो. ब्रेकच्या व्हॅक्यूमसाठीचा, आत दोऱ्याची वीण असलेलाच हवा.

हात घातलाच आहात तर मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून, तो ब्रेक पाईप न ताणता सेंटिमीटरभर पुढे घ्या आणि मागच्या तोंडापाशी बोट फिरवा. ओलं लागलं तर मागचं सील गळतंय. हे ऑइल बूस्टरच्या पोटात जातं, बाहेर थेंब दिसत नाही, टाकीतली पातळी मात्र उतरत राहते. आतला रंग सोलतो, पत्रा गंजतो. काही वेळा ते इंजिनात ओढलं जाऊन एक्झॉस्टला पांढरा धूर येतो. नट सोडण्याआधी पेडल दाबून व्हॅक्यूम घालवा, नाहीतर सिलिंडर सुटताच आजूबाजूची धूळ सरळ आत. मधली ओ-रिंग नवी लावा.

सिलिंडर पुढे घेतला असताना समोरचा दांडा ओढून बाहेर काढायचा मोह आवरा. त्याच्याबरोबर रिअ‍ॅक्शन डिस्क सुटून डब्याच्या तळाशी पडते, आणि ती पडलीय हे कळतही नाही. मग पेडलला नुसता स्पर्श केला की ब्रेक चावतात, मधलं काही उरत नाही, कारण पायाला उलटा जोर देणारी चकतीच जागेवर नाही. लोक यावर लायनर बदलतात, रोटर घासतात.

डिझेल_आणि_घाट

यातच जोडून: नवा मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर घातल्यावर ब्रेक धरून राहायला लागले तर त्याच दांड्याची लांबी पाहा. लांब दांडा पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, गरम झालेलं ऑइल फुगतं आणि ब्रेक स्वतःच लागत जातात. ओळखायला सोपं: चाकं धरलेली असताना सिलिंडरचे दोन नट दोन-तीन मिमी सैल करा. चाकं सुटली तर दांडा लांब आहे, किंवा पेडलच पूर्ण वर येत नाही. ब्रेक लाईटचं स्विच जास्त आत बसलं असलं तरी असंच होतं, म्हणून आधी ते पाहा. नाही सुटली तर कॅलिपरचा (डिस्क चिमटणाऱ्या भागाचा) ब्लीडर, म्हणजे ऑइल सोडायचा स्क्रू, उघडा. तेवढ्याने सुटली तर दाब पुढे लाईनमध्ये अडकलाय, बहुधा लवचिक होजमध्ये. तरीही नाही, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिनच जाम.

पाना_बारा

नवा व्हॉल्व्ह, नवं ग्रोमेट. होज मधोमध चपटा होत होता, तोही बदलला. मास्टर सिलिंडरच्या मागे कोरडं आहे, रिअ‍ॅक्शन डिस्कला हात लावला नाही. इंजिन बंद करून अर्ध्या तासाने दोन दाब मऊ, तिसरा कडक. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मात्र पहिलाच कडक. हे चालेल का?

गेज_लावून_बोला

चालेल. रात्रभरात बारीक झिरप कुठल्याही जुन्या बूस्टरमध्ये होते. अर्धा तास टिकतोय तेवढं पुरे. होज मिटत होता म्हणजे घाईच्या ब्रेकमध्ये साठा पुन्हा भरायलाही वेळ लागत असणार. आता लागोपाठ चार-पाच दाब देऊन पाहा, इंजिन चालू ठेवून. पाचवा पहिल्याइतकाच मऊ यायला हवा.

पाना_बारा

पाचही सारखे.